नवें मीटर आणि घरोघरचीं मतें

आज ज्या वस्तूविषयीं मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें, ती आपणां सर्वांच्या घरीं आहे. परंतु बिल हातीं पडेपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. ही वस्तु म्हणजे विजेचें मीटर. मी कांहीं विजेच्या शास्त्राचा जाणकार नव्हें. जुनी मॅट्रिक झालेला, सारी हयात मुलांना गणित शिकविण्यांत घालविलेला, इंदापूर तालुक्यांतील वरकुट्याचा मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. तेव्हां घरोघरीं जें कानीं पडलें व स्वतः मोजून जें पाहिलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवतों.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. २०२१ सालीं केंद्र सरकारनें वीजवितरणाच्या सुधारणेची एक मोठी योजना काढली. तींत स्मार्ट मीटर बसविणें हें एक प्रमुख अंग होतें. त्या योजनेस अनुसरून महावितरणनें २०२३ सालीं, शेतीपंप वगळून, सुमारें सव्वादोन कोटि ग्राहकांकडे असे मीटर बसविण्याचे ठेके दिले. आरंभींचा विचार असा होता कीं पैसे आधीं भरावे व वीज मागाहून वापरावी. या 'प्रीपेड' पद्धतीस राज्यभर विरोध झाला. मोर्चे निघाले, ग्राहकांच्या संघटनांनीं हरकती नोंदविल्या. आणि जून २०२४ मध्यें तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविणार नाहीं असें जाहीर केलें. त्यानंतर जे मीटर येऊं लागले त्यांना 'टीओडी' मीटर म्हणतात. बिल पूर्वीप्रमाणेंच महिन्याअखेर येतें. मात्र कोणत्या वेळीं किती वीज वापरली हेंहि तें मीटर नोंदवितें.

जुन्या व नव्या मीटरमध्यें फरक कोणता? युनिट तेंच. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट झालें. परंतु जुन्या मीटरचा आंकडा टिपण्यास महिन्यांतून एकदां माणूस येत असे. नवें मीटर अर्ध्या-पाव तासाचा हिशेब आपण होऊन कचेरीकडे धाडतें. दुसरें असें कीं त्याच्या पोटांत एक कळ आहे, आणि ती कळ दुरून दाबून घराचा पुरवठा बंद किंवा चालू करतां येतो. सर्व वादाचें मूळ या दोन गोष्टींत आहे.

आमच्या घरीं या मीटरची वार्ता आली तेव्हां एका छपराखालीं चार मतें झालीं. चिरंजीव पुण्यास नोकरीला असतो. तो म्हणाला, "अण्णा, आतां रोजचा खर्च मोबाइलवर दिसेल, अंदाजी बिल येणार नाहीं, बसवून घ्या." सौभाग्यवतींचें म्हणणें निराळें. "अहो, जुनें मीटर नीट चाललें आहे, त्याला हात कशाला लावूं देतां?" शेजारचे एक बागाईतदार हिशेबी गृहस्थ. त्यांनीं विचारलें, "गुरुजी, एका मीटरमागें बारा हजारांच्या आसपास खर्च, त्यांत केंद्राचें साहाय्य जास्तींत जास्त नऊशें रुपये. उरलेले पैसे कोण देणार? आज फुकट म्हणतात, उद्यां दरांतून काढतील." हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असें मला तरी म्हणवत नाहीं.

चौथें मत माझ्या मनांत घर करून बसलें आहे. आमच्या गल्लींत एक विधवा बाई राहतात. मजुरीवर पोट. त्यांच्या घरीं दोन दिवे, एक पंखा व नातीच्या अभ्यासाचा टेबलावरचा दिवा, एवढाच विजेचा संसार. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बिल थकलं तर वायरमन दारात येतो. त्याला 'दोन दिस थांब, बाजारच्या दिवशी भरते' म्हणता येतं. आता तारंला काय म्हणायचं?"

श्रोतेहो, मला या प्रश्नाचें उत्तर त्या क्षणीं देतां आलें नाहीं.

आमचा मुलूख उसाचा. उसाची गाडी काट्यावर चढली कीं शेतकऱ्याचे डोळे त्या आंकड्यावर खिळतात, कारण वर्षाची मेहनत त्या एका आंकड्यांत असते. कित्येक शेतकरी गाडी आधीं बाहेरच्या काट्यावर तोलून घेतात आणि मग पुढें नेतात. त्यांत कोणाचा अपमान करण्याचा हेतु नसतो. तोलणारा एक व पैसे घेणारा-देणाराहि तोच, अशा ठिकाणीं दुसरा काटा असावा, एवढाच व्यवहार त्यांत आहे. ज्या लोकांची उभी हयात काट्याकडे पाहण्यांत गेली, त्यांनीं विजेच्या काट्याविषयीं शंका काढली तर त्यांत नवल तें काय?

ही शंका विजेच्या जन्मापासूनचीच आहे. १८८२ सालीं एडिसन यांनीं न्यूयॉर्क शहरीं वीज विकण्यास आरंभ केला. त्यावेळचें मीटर म्हणजे एक बरणी. तींत एका द्रावणांत जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. वीज जाई तसतसें जस्त एका पट्टीवरून दुसरीवर चढे. ठराविक काळानें कंपनीचा माणूस त्या पट्ट्या घेऊन जाई, तोलून पाही, व त्यावरून बिल करी. युक्ति शास्त्रशुद्ध होती. पण गृहस्थाला आपल्या घरांत बसून कांहींच वाचतां येत नसे. पुढें आंकडे दाखविणारीं यंत्रें आलीं तेव्हां गिऱ्हाइकालाहि आपला खर्च आपल्या डोळ्यांनीं पाहण्याची सोय झाली. ही दीडशें वर्षांजवळ येऊन ठेपलेली कथा एवढ्याचसाठीं सांगितली, कीं मीटर अचूक असणें निराळें आणि तें अचूक आहे असें गिऱ्हाइकाला पडताळतां येणें निराळें.

आतां माझा स्वतःचा अनुभव ऐका. मीटर बदललें आणि पुढचेंच बिल वाढून आलें. एरव्हीं नव्वदीच्या आसपास युनिटें होत. तीं एकशें बारांवर गेलीं. सौभाग्यवतींनीं माझ्याकडे जें पाहिलें त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. मीं मात्र वही-पेन्सिल घेतली. आमच्या मीटरवर ३२०० हा आंकडा छापलेला आहे. म्हणजे त्यावरील लाल दिवा ३२०० वेळां लुकलुकला कीं एक युनिट. घरांतील सर्व कांहीं बंद करून एक हजार वॅटचा पाणी तापविण्याचा हीटर तेवढा लावला. तीन मिनिटांत दिवा १६० वेळां लुकलुकावयास पाहिजे. मोजला तों १४३ भरला! म्हणजे मीटर जास्त नव्हे, उलट थोडें कमीच दाखवीत होतें. नातू म्हणाला, "आजोबा, मीटर आपल्या बाजूचें आहे." त्याला मीं समजावलें कीं तसें नव्हे; सायंकाळीं आमच्याकडे विजेचा दाब उतरतो, आणि दाब उतरला कीं हीटरहि हजार वॅट ओढीत नाहीं.

मग हीटर बंद केला. मेन स्विच चालू, बाकी एकूण एक बटण बंद. आतां दिवा स्थिर राहावयास हवा. परंतु पांच मिनिटांत तो आठ वेळां लुकलुकला. आठ म्हणजे फारसें कांहीं नव्हे असें वाटेल. पण पांच मिनिटांत आठ, तर तासाला ९६, दिवसाला २३०४, आणि तीस दिवसांत ६९,१२०. त्यास ३२०० नें भागलें कीं साडेएकवीस युनिटांहून थोडें अधिक. वाढलेल्या बावीस युनिटांचा पत्ता लागला! दुसऱ्या दिवशीं वायरमनला घेऊन शोध केला, तों गोठ्याकडे गेलेल्या तारेचें आवरण फाटून ती ओल्या भिंतीस टेकलेली. नवें मीटर बसलें आणि पावसाळा लागला, या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यांत घडल्या होत्या. त्या भिंतीला आमची गाय बांधलेली असे. तिला किंवा धार काढणारांना धक्का बसला असता तर काय अनर्थ ओढवला असता, या विचारानें आजहि अंगावर कांटा येतो.

असाच प्रकार दूर अमेरिकेंतहि घडला होता. कॅलिफोर्निया प्रांतांतील बेकर्सफील्ड येथें २००९ च्या उन्हाळ्यांत स्मार्ट मीटर बसल्यावर बिलें भडकलीं आणि लोक संतापले. त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी झाली. २०१० च्या अहवालांत मीटर बरोबर ठरले व कडक उन्हाळा आणि वाढलेले दर हीं कारणें निघालीं. परंतु त्याच अहवालानें, तक्रारी घेऊन आलेल्या लोकांचें समाधान नीट केलें गेलें नाहीं, असा ठपकाहि ठेवला. तो ठपका मला मीटरच्या दाखल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. शिवाय माझ्या गोठ्यांतील एका तारेवरून महाराष्ट्रांतील सर्व मीटर निर्दोष आहेत असें कोणी अनुमान काढूं नये. एका उदाहरणावरून नियम बांधणाऱ्या मुलाला मीं वर्गांत कधीं पूर्ण गुण दिलेले नाहींत.

थोडीशी वाढ एवढी कां बोंचते, हेंहि समजून घेतलें पाहिजे. आपले घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, आणि शंभराच्या पुढील युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट. म्हणून शंभराच्या उंबरठ्यावर असलेल्या घरीं दहा युनिटें वाढलीं तर बोजा वीस युनिटांएवढा पडतो. श्रीमंताला हें कळणार देखील नाहीं. उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला मात्र तत्काळ कळतें.

या नव्या मीटरचा लाभहि सांगितला पाहिजे. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांत वापरलेल्या विजेवर युनिटमागें ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत देण्याचें ठरलें. आमच्यासारख्या पेन्शनरांना ती उपयोगी. पाण्याची मोटार, इस्त्री, कपडे धुण्याचें यंत्र हीं आम्ही दिवसाउजेडींच चालवितों. रोज दोन युनिटें त्या वेळांत पडलीं तर महिन्याला अठ्ठेचाळीस रुपये तरी वांचतात. परंतु ज्यांच्या दाराला सकाळीं आठ वाजतांच कुलूप लागतें आणि दिवे लागणीस उघडतें, त्या मजुराच्या घरीं या सवलतीचें काय प्रयोजन?

आतां पुन्हां त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळूं. दुरून दाबावयाच्या कळेचें भय काल्पनिक नाहीं. १२ ऑगस्ट २०२० रोजीं, ऐन जन्माष्टमीच्या दिवशीं, उत्तर प्रदेशांत एका चुकीच्या आज्ञेमुळें स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक घरांची वीज एकाएकीं गेली. आणि गुप्ततेचा प्रश्नहि आहे. अर्ध्या तासाच्या नोंदीवरून घर केव्हां जागें होतें, केव्हां रिकामें असतें, हें कळूं शकतें. याच कारणास्तव नेदरलंड्सच्या वरिष्ठ सभागृहानें २००९ सालीं सक्तीच्या स्मार्ट मीटरचें विधेयक अडवून धरलें आणि पुढें ग्राहकास नकार देण्याचा हक्क ठेवूनच कायदा झाला.

आपल्याकडेहि कायदा अगदींच मुका नाहीं. वीज कायदा, २००३ च्या ५६ व्या कलमाप्रमाणें थकबाकीसाठीं पुरवठा तोडण्यापूर्वीं पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कळ दूर असली म्हणून ती नोटीस चुकत नाहीं. तसेंच केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांप्रमाणें, मीटरचा आंकडा आपल्या वापराशीं जुळत नाहीं अशी तक्रार ग्राहकानें केल्यास पांच दिवसांच्या आंत दुसरें मीटर जोडून द्यावें लागतें व निदान तीन महिने दोहोंचा मेळ पाहावा लागतो. आमच्या उसाच्या भाषेंत सांगावयाचें तर हा बाहेरचा काटाच झाला. परंतु हक्क कागदावर असून भागत नाहीं. तो मागणाऱ्याला ठाऊक असावा लागतो.

माझें मत विचाराल तर, मीटर बसवून घेण्यास माझा विरोध नाहीं. मात्र जुनें मीटर काढतांना त्यावरील शेवटचा आंकडा लिहून घ्यावा, त्याचा फोटो काढावा, नव्याचा आरंभींचा आंकडा व क्रमांक टिपावा, आणि दर महिन्याच्या एका ठराविक तारखेला स्वतःच्या हातानें नोंद करावी. आणि वीजखात्याच्या चालकांना माझी विनंति ही, कीं मोबाइलवर गेलेला संदेश म्हणजे नोटीस पोंचली असें समजूं नये. ज्या घरीं मोबाइल वाचणारें कोणी नाहीं, तेथें माणसानें जाऊन सांगितल्यावांचून कळेला हात लावूं नये. यंत्रामुळें वायरमनचा आंकडा टिपण्याचा हेलपाटा वांचला आहे. त्यांतला एक हेलपाटा अशा दारासाठीं राखून ठेवावा.

आमच्या नातवानें आतां एक वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो आमच्या मीटरचा आंकडा लिहितो, आणि मग गल्लींतून जाऊन त्या बाईंच्या मीटरचाहि लिहून आणतो. बिल आलें कीं त्या ओटीवर येतात, आणि आम्ही तिघे मिळून वजाबाकी करून पाहतों. आजवर ती जुळली आहे. ज्या महिन्यांत जुळणार नाहीं, त्या महिन्यासाठीं दुसऱ्या मीटरच्या मागणीचा अर्ज मीं आधींच लिहून त्या वहींत ठेवला आहे.