कमरेचा पट्टा : बांधायचा कधी, सोडायचा कधी?

(रौप्य महोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या फिजिओथेरपिस्ट असून आपल्या संस्थेच्या सभासद आहेत.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती. कपाटं, पिंपं, सिलिंडर, सगळं जिन्याने वर नेलं. तेव्हा आपण तिशीत होतो. आता लिफ्टमध्ये भेटलो की विषय गुडघे आणि कंबर. आणि मला ठरलेला प्रश्न, "पट्टा कुठला घेऊ?"

उत्तराआधी घरचीच गोष्ट सांगते. अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची परवानगी घेतली आहे. बारा वर्षांपूर्वी कुंडी उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. मीच मेडिकलमधून एल. एस. बेल्ट आणून बांधला. कसा बांधायचा ते शिकवलं, सोडायचा कधी ते सांगायचं राहिलं. दुखणं महिन्याभरात गेलं, पट्टा मात्र वर्षभर राहिला. झोपतानासुद्धा! "अगं, काढला तर मणका सरकेल," म्हणायचे. त्या भीतीने कट्ट्यावर येणं थांबलं, नातवाला स्कूलबसपर्यंत सोडणं थांबलं. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा बघणाऱ्या मला हे घरात दिसलं नाही. चूक माझी होती.

मंडळी, पट्टा मणका जागेवर बसवत नाही आणि आपण ज्याला 'गॅप' म्हणतो ती भरूनही काढत नाही. तो वाकणं थोडं कमी करतो, ऊब देतो, जपून हालचाल करण्याची आठवण देतो. दुखणं ताजं असताना तेवढाही आधार बरा वाटतो. पण पट्ट्याने कंबर पुढे दुखणार नाही, असं मात्र नाही. अमेरिकेत दुकानांमधला माल हलवणाऱ्या हजारो कामगारांचा अभ्यास झाला. २००० साली निष्कर्ष आला : पट्टा वापरणारे आणि न वापरणारे, कंबरदुखी सारखीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं, की जुनाट साध्या कंबरदुखीत पट्टा हा नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये.

मग वापरायचाच नाही का? वापरा, पण हिशेबाने. उसण भरल्यावर पहिले काही दिवस, प्रवासात किंवा ओट्याशी उभं राहताना, तास-दोन तास. सुती कपड्यावरून बांधा. आत दोन बोटं जायला हवीत, श्वास मोकळा हवा. झोपताना काढा. हर्निया, दम किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एक महत्त्वाचं : मणक्याचं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिला असेल, तर माझं भाषण ऐकून तो काढू नका!

काही दुखणी पट्ट्याखाली झाकायची नसतात. पायातली ताकद कमी होणं, बैठकीची जागा बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पडल्यानंतरचं दुखणं, सोबत ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यांतही आधी डॉक्टर.

अण्णांचा पट्टा आम्ही हळूहळू सोडवला. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात अर्धा तास पट्ट्याविना. मग पॅसेजमध्ये फेऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं. थोडं दुखायचं, ते घाबरायचे, मी शेजारी उभी राहायचे. दोन महिने लागले. त्या २६ जानेवारीला ते पट्ट्याविना झेंडावंदनाला खाली आले. आपल्यापैकी कित्येकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं?

आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघून हसतायत. पट्टा माळ्यावर आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरात कुणी पट्टा लावत असेल तर विचारा, कुणी दिला, कशासाठी आणि कधीपर्यंत? उत्तर नसेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा माझी बेल वाजवा. बी विंग, दुसरा मजला. आणि रोज सकाळी साडेसहाला आपल्या बागेत फेऱ्या मारायला या. कंबरेचा खरा पट्टा तिथेच तयार होतो.