तंटा मिटला, पण कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘औपचारिक आणि पारंपरिक न्यायव्यवस्थांची सांगड घालणाऱ्या उपक्रमांचं मूल्यमापन’ असा जड विषय मला दिला आहे. सोपं करून सांगते. एकीकडे कोर्टकचेरी आणि पोलीस ठाणं, दुसरीकडे चावडी आणि गावचे पंच. या दोघांना जोडणारी एखादी योजना निघाली, तर ती बायांच्या भल्याची आहे की नाही हे आपण कशावरून ठरवायचं? उदाहरण आपल्याच राज्यातलं घेते, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचं.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्याच्या गृह खात्याने ही मोहीम सुरू केली. ग्रामसभेने तंटामुक्त समिती निवडायची. गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंटे नोंदवहीत लिहायचे. असलेले मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत. मग मूल्यमापन समित्या येऊन गुण देणार आणि पात्र ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस मिळणार. मोहिमेचा पहिल्या वर्षांतला जोर आता राहिलेला नाही. पण पुष्कळ गावांत समित्या आहेत, आणि बाई पोलीस ठाण्यात गेली की ‘आधी गावात बसून मिटतंय का बघा’ असं अजूनही तिला ऐकवलं जातं.

बाई गावाकडेच का वळते, हेही आपण समजून घेतलं पाहिजे. तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. वकिलाची फी वेगळी. तारखेमागून तारीख पडते. शिवाय बहुतेकींना नवऱ्याला तुरुंगात टाकायचं नसतं. मार थांबावा, दारू सुटावी, पोरांच्या शाळेचे पैसे मिळावेत, घरात राहता यावं, एवढंच तिचं मागणं असतं. गावची बैठक हे आठ दिवसांत करू शकते, कोर्टाला ते जमत नाही. म्हणून ‘गावची पंचायत म्हणजे पुरुषांचा अड्डा, तिकडे फिरकायचंच नाही’ असं म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. बाई तिथे जाणारच आहे. तिथे तिच्या पदरात काय पडतं, ते आपण तपासायचं आहे.

आता नोंदवहीकडे वळू. ‘मिटला’ या एका शब्दाखाली काय काय बसतं ते बघा.

बायकोला मारलं. समितीने बोलावलं. दोघांना समज दिली. ‘तूही उलट बोलत जाऊ नकोस’ असं तिलाही सांगितलं. सह्या झाल्या. तंटा मिटला.

बहिणीने वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. पण ‘भावाशी वाकडं घेऊन माहेर तोडतेस का?’ असं चार मोठी माणसं विचारतात. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर तिची सही होते. महसुली तंटा मिटला.

मुलीवर अत्याचार झाला. गावाची अब्रू, मुलीचं लग्न, दोन घरांचं वैर अशी कारणं पुढे येतात, आणि पैसे देऊन किंवा लग्न लावून प्रकरण दाबलं जातं. हा तर नोंदवहीतही येत नाही. ‘नवा तंटा होऊ दिला नाही’ म्हणून गाव मात्र शाबूत.

या तिन्ही ठिकाणी मूल्यमापनाचा आकडा चांगलाच दिसेल. गुण तंटे मिटण्याला असतील, तर तक्रार करणारी बाई गावाच्या बक्षिसाच्या आड येते. कोणी मुद्दाम वाईट वागायला हवं असं नाही. मोजपट्टीच तशी असली की भले लोकही बाईलाच गप्प करतात.

मोजपट्टी बदलली की काय होतं, याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. तिथेही मोजणी गावाचीच होती, मानही गावाचाच होता. पण मोजलं काय? किती बायकांच्या नावावर जमीन झाली ते. त्या कार्यक्रमाच्या मर्यादांवर आपण वाद घालू शकतो, पण तिथे गावाच्या मानासाठी बाईच्या हाती काहीतरी यावं लागत होतं.

मग आपली मोजपट्टी काय असावी? मी पाच प्रश्न मांडते.

पहिला: बसलं कोण? समितीत बायका नावापुरत्या आहेत की बोलतात? दलित, आदिवासी, भटक्या समाजातली, एकटी राहणारी बाई तिथे आहे का? आणि आरोपीचे भावबंदच पंच आहेत का?

दुसरा: बोलणी कशावर झाली? कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सालचा. त्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाबद्दल एक फार मोलाची गोष्ट आहे. हिंसा करणाऱ्याला हिंसेचं समर्थन करण्याची मुभा समुपदेशनात नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. ‘जेवण वेळेवर दिलं नाही म्हणून मारलं’ ही चर्चाच होऊ शकत नाही. कोर्टाने नेमलेल्या समुपदेशकाला जो नियम आहे, तो गावच्या बैठकीने का पाळू नये?

तिसरा: कोणती प्रकरणं बैठकीत घ्यायचीच नाहीत? बलात्कारात तडजोडीला जागा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०१५ च्या निकालांत स्पष्ट केलं आहे. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात पंचायतीने पडू नये, हे २०१८ मध्ये सांगितलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, तेव्हा वाळीत टाकणं हा तोडगा नसून गुन्हा आहे. या यादीची पाटी बैठकीच्या जागी लावलेली असावी.

चौथा: शब्द मोडला तर काय? इथे दोन व्यवस्थांचा सांधा खरा कळतो. समितीसमोर लिहिलेला कागद नवऱ्याने मोडला, तर बाई पुन्हा त्याच पंचांच्या दारात. तीच दिवाणी तडजोड लोकअदालतीतून झाली, तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं. हिंसाचार कायद्याखाली मिळालेला संरक्षण आदेश मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हेही तिला सहीआधी सांगायला हवं. आणि बैठकीत बसली म्हणून तिची कोर्टाची वाट बंद होत नाही, हे तिला कोणी सांगितलं का?

पाचवा: वर्षाने ती कुठे आहे? सही केली त्या दिवशी सगळेच समाधानी असतात. मार थांबला का, खर्ची मिळते का, सातबाऱ्यावर नाव लागलं का, हे तीन महिन्यांनी आणि वर्षाने विचारायला हवं. तेही तिला एकटीला गाठून, सासूसमोर नाही. तिचं उत्तर घरापर्यंत पोचलं तर मार तिलाच बसतो.

हे प्रश्न आपल्याही व्यासपीठांना लावायचे आहेत. गुजरातेत महिला सामाख्याच्या बायांनी १९९५ मध्ये बडोद्याकडे नारी अदालत सुरू केली. कोर्टात जाऊ न शकणाऱ्या, फार न शिकलेल्या बायाच तिथे पंच झाल्या. सरकारी कचेऱ्यांच्या आवारात, सगळ्यांच्या देखत त्या बसत. रूप जुन्या पंचायतीचं, बाजू मात्र बाईची, आणि गरज पडली तर कायद्याचा आणि पोलिसांचा आधार. आता केंद्र सरकारने २०२२ च्या मिशन शक्तीत नारी अदालत हे नाव घेतलं आहे. पण नारी अदालतीचं बळ मागे उभ्या असलेल्या संघटनेत होतं. संघटना नसताना नुसती समिती नेमली, तर तिची दुसरी तंटामुक्त समिती व्हायला वेळ लागणार नाही. बायका पंच झाल्या म्हणजे निवाडा बाईच्या बाजूने होतोच असंही नाही. ‘नांदायला जा’ हा सल्ला बायकाही देतात.

शेवटी एक काम सुचवते. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने आपल्या भागातलं एक गाव घ्यावं. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची सभा घेणं आपल्या कायद्यात आहे. त्या सभेत विचारा, समितीकडे बायांची किती प्रकरणं आली आणि पुढे काय झालं? नोंदवही दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, मात्र बाईचं नाव-गाव कुठेही उघड होऊ देऊ नका. मग जमेल तेवढ्या जणींना भेटून हे पाच प्रश्न विचारा. दहा गावांची अशी माहिती जमली, तरी गृह खात्यापुढे आणि महिला व बालविकास खात्यापुढे ठेवायला आपल्याकडे ठोस काही असेल. गुणपत्रिकेत ‘किती मिटले’ याच्या शेजारी ‘बाईला काय मिळालं’ असा रकाना असावा, एवढी मागणी तरी आपण त्या बळावर करू शकू.