गोड बोला : सणाची शुभेच्छा आणि शेजारधर्म



मकरसंक्रांतीला मराठी घरात तिळगुळाची वाटी पुढे येते आणि तिच्याबरोबर एक छोटेसे वाक्य येते : तिळगुळ घ्या, गोड बोला. या वाक्यात देवतेचे नाव नाही, कुलाचे नाही, पंथाचे नाही. घेणाऱ्याने काय मानावे हे ते सांगत नाही. त्याने कसे बोलावे एवढेच मागते. पर्व सूर्यसंक्रमणाचे आहे, स्नानदानाचे आहे, सर्वस्वी धार्मिक आहे. त्याची शुभेच्छा मात्र उंबरठा ओलांडून कोणाच्याही दारी जाऊ शकते. धर्माचे अनुष्ठान निराळे आणि धर्मातून उपजणारे सौजन्य निराळे, हा भेद लोकव्यवहाराने फार पूर्वी ओळखला. शास्त्रचर्चेत त्याचा विचार क्वचितच होतो. म्हणून मठाच्या या उत्सवप्रसंगी तो करणे उचित ठरेल.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात हा विचार पुस्तकी राहत नाही. वैनगंगेकाठचा हा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिला. सीमा आखली गेली. सोयरीक, बाजार आणि सणवार मात्र दोन्ही अंगांस पूर्ववत् राहिले. येथे मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी या भाषा एकाच आठवडी बाजारात कानी पडतात. कोणी ‘राम राम’ म्हणतो, कोणी ‘जय सेवा’, कोणी ‘जय भीम’, कोणी ‘सलाम’, तर कोणी ‘जय जिनेंद्र’. भरवेलीच्या मँगनीज खाणीने आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीने दूरदूरची माणसे एका वस्तीत आणून बसविली. अशा ठिकाणी महिन्या-दोन महिन्यांनी कोणाच्या ना कोणाच्या घरी सण असतो आणि शेजाऱ्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात : त्याला शुभेच्छा द्यावी काय? दिल्याने स्वधर्मास उणेपणा येतो काय? आणि द्यावयाची तर कोणत्या शब्दांनी?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर शब्दाच्या अर्थातच आहे. शुभेच्छा म्हणजे शुभाची इच्छा. ती व्यक्तीसाठी असते. तिच्या मतावर ती संमतीची मोहोर नव्हे. ‘ईद मुबारक’ म्हणणारा भक्त आपण रोजे पाळल्याचे सांगत नाही. शेजाऱ्याचा दिवस मंगल होवो, एवढेच म्हणतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे पसायदान मागितले, ते एखाद्या पंथापुरते मागितले नाही. अवघ्या प्राणिमात्रासाठी मागितले. एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघे एकमेकांस सडेतोड बोल सुनावतात, कोणी आपले मत गिळून टाकीत नाही. तरीही शेवट आलिंगनाने होतो. मतभेद पुसून मैत्री होते असे नाथांनी दाखविले नाही. मतभेद असताही ती होते, हे दाखविले. ज्याची स्वधर्मनिष्ठा शेजाऱ्यास दिलेल्या एका गोड शब्दाने डळमळते, त्याने शब्दाची काळजी करण्याआधी निष्ठेची करावी.

संस्कृत विद्येचे अध्ययन करणाऱ्यांनी या प्रसंगी एक कटू गोष्टही झाकून ठेवू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात प्रत्यभिवादनाचा नियम आहे. कोणी नमस्कार केला असता उलट आशीर्वाद देताना वाक्याचा अंत्य स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, उच्चारावा असे तेथे सांगितले आहे. आशीर्वादात स्नेहाचा विस्तार व्हावा, हे किती रम्य आहे! परंतु त्याच नियमात शूद्र वगळला आहे, आणि पुढे वार्त्तिककारांनी स्त्री व असूया करणारा यांसही वगळले. म्हणजे आशीर्वादाच्या स्वराची लांबीसुद्धा माणूस पाहून मोजली गेली. वैयाकरणाने आपल्या काळाचा शिष्टव्यवहार नोंदविला, यात त्याचा दोष नाही. पण तो व्यवहार तसा होता, हे नाकारता येत नाही. तिळगुळाच्या वाक्याचे मोल येथे कळते. ते मालकासाठी आणि गड्यासाठी निरनिराळे बनविलेले नाही. लहानास ‘घे’ आणि थोरास ‘घ्या’, एवढाच काय तो फरक.

त्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवात मात्र घरातील विधवेला मागे राहावे लागे, आणि कित्येक घरी आजही राहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या वाट्याला येणाऱ्या अनिष्ट प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. परधर्मीय शेजाऱ्यास गोड बोलणारा घरातल्या माउलीस अबोल ठेवील, तर त्याचे सौजन्य दारापुरतेच ठरेल.

आता शब्दांचा प्रश्न. सर्वांना चालेल असा एखादा मोघम शब्द योजावा, असे काहींना वाटते. पाश्चात्त्य देशांत डिसेंबरच्या अखेरीस यावरून दरवर्षी वादही होतात. जेथे समोरच्याचा धर्म ठाऊक नाही, तेथे मोघम शब्द क्षम्य आहे. शेजाऱ्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो. कारण शेजारी म्हणजे ज्याचे नाव, गाव आणि सण ठाऊक आहे असा मनुष्य. मराठी भाषेने याचा कित्ता घालून दिला आहे. ख्रिस्तजन्माच्या उत्सवास मराठी माणूस ‘नाताळ’ म्हणतो. तो शब्द पोर्तुगीजांच्या बोलीतून आला आणि भाषेने तो जसा ऐकला तसा आपल्या घरात ठेवून घेतला. पाहुण्याला त्याच्या नावाने हाक मारणे, हीच त्याची पहिली पूजा होय.

विजयादशमीचे उदाहरण येथे विशेष बोधप्रद आहे. त्या दिवशी आपट्याचे पान सोने म्हणून दिले जाते. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या मुहूर्तावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हापासून बौद्ध घरी हा दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा आहे. त्या दारी जाऊन दसऱ्याचे सोने हाती कोंबण्यापेक्षा त्या दिवसाच्या त्यांच्याच नावाने मंगल चिंतिले, तर ते अंतःकरणास भिडेल. दीपावलीचेही तसेच. वैष्णव घरी दिवा लागतो, जैन घरी महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते, आणि शीख बांधव गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून मुक्त झाले, ती आठवण जपतात. ज्योत एकसारखी दिसते. तिच्यामागील आठवण ज्याची त्याची आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘हे सारे मूळचे आमचेच’ असे म्हणून दुसऱ्याचा सण आपल्या पदरात ओढणे, हे प्रेमाचे लक्षण नव्हे. सूर्याचे उत्तरायण आकाशात २१-२२ डिसेंबरला सुरू होते. पंचांगातील मकरसंक्रमण अयनचलनामुळे आता १४ किंवा १५ जानेवारीस येते. आणि प्राचीन रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा अयनदिन मानला जात असे. नाताळ आणि संक्रांत दोन्ही परतणाऱ्या सूर्याच्या वाटेवर उभी आहेत, हे पाहून कोणासही आनंद व्हावा. परंतु तेवढ्यावरून नाताळ म्हणजे सूर्याचाच उत्सव, असे ख्रिस्ती शेजाऱ्यास सांगत बसणे अप्रस्तुत होय. त्याच्यासाठी तो येशूचा जन्मदिवस आहे, आणि त्याच्या दारी त्याचाच अर्थ प्रमाण.

शुभेच्छेबरोबर खाद्य येते, आणि तेथे खरी परीक्षा होते. जैन गृहस्थ सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. मुसलमान शेजारी तिळगुळ आनंदाने घेईल, परंतु देवाला वाहिलेला नैवेद्य नाकारील. वैष्णव भक्त ईदच्या दिवशी सामिष पंक्तीस बसणार नाही. यात कोणीही कोणाचा अपमान करीत नाही. जुनी मंडळी यावर सोपा उपाय करीत : शिजविलेला शिरखुर्मा न पाठविता कोऱ्या शेवया आणि साखर पाठवीत, घेणारा आपल्या चुलीवर शिजवून खाई. देणाऱ्याने घेणाऱ्याचा नियम सांभाळला आणि घेणाऱ्याने देणाऱ्याचा हात रिकामा परतविला नाही. ‘नको’ हा शब्द राग न धरता ऐकणे, हे गोड बोलण्याचे दुसरे अर्धांग आहे.

पंचांगे निराळी असल्याने सण कधी एकमेकांस भेटतात. हिजरी वर्षात अधिक मास नसल्याने ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतू हिंडून येते. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारतात ईद झाली. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात त्या दिवशी गणेशविसर्जनाची गर्दी व्हावयाची होती. तेव्हा अनेक ठिकाणच्या मुस्लिम मंडळींनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि शासनानेही सुट्टी २९ तारखेस नेली. अशा वेळी रस्ता मोकळा सोडणे, हीच शुभेच्छा. जो आज असा मार्ग देतो, त्याचे ऋण दुसऱ्या पक्षाने पुढल्या प्रसंगी स्वतः होऊन फेडावे. मागण्याची वेळ येऊ देऊ नये.

तीळ हे धान्य मोठे विलक्षण आहे. त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग स्नेह असतो, आणि संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात व प्रेमालाही. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, अशी मराठीची शिकवण. पण रागाने अंगाचा तिळपापड होतो तोही याच तिळाचा, आणि गेलेल्याच्या नावाने ओंजळीतून सोडतात तेही याचेच दाणे. मनुष्याने आपल्या तिळाचे काय करावयाचे, ते त्याच्या हाती आहे. महाकोशलात राखीच्या दुसऱ्या दिवशी कजलियांचे कोवळे अंकुर एकमेकांस देऊन वर्षाचे रुसवे सोडतात. जैन बांधव संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून क्षमा मागतात. प्रत्येक समाजाने कटुतेला तिलांजली देण्याचा एक दिवस राखून ठेवला आहे. शेजाऱ्याचा तो दिवस कोणता, हे प्रत्येक भक्ताने जाणून घ्यावे, त्या दिवशी त्याच्या दारी जावे, आणि त्याच्या सणाचे नाव त्याच्याच उच्चाराने घेऊन शुभ चिंतावे.

श्रीगुरुकृपेने मठाच्या अंगणातून निघणारा प्रत्येक शब्द असा स्निग्ध होवो. शुभं भवतु.