शिष्यासाठी गुरूचं अर्पण

पुण्यतिथीला मैफल ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि तो अजून चालू आहे. गुरू जातो, शिष्य त्याच्यासाठी गातो, असा आपल्याकडचा क्रम. आज ज्या ध्वनिमुद्रणाविषयी बोलायचं आहे, त्यात हा क्रम उलटा झाला. गुरू ब्याऐंशी वर्षांचे, रविशंकर. शिष्य लिव्हरपूलचा, बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन. २९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने तो गेला, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. बरोबर एका वर्षाने, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी कार्यक्रम केला. त्याचं नाव ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’. पुढच्या वर्षी त्याच्या सीडी निघाल्या आणि डेव्हिड लेलंडने केलेला चित्रपटही आला.

रॉक संगीतात अशा श्रद्धांजलीच्या मैफली पुष्कळ होतात. बहुतेक वेळा एकेक बडा गायक येतो, एक गाणं म्हणतो, टाळ्या घेतो आणि जातो. रेकॉर्ड ऐकताना वाटतं, आपण सत्कार समारंभाला बसलो आहोत. हार तेवढे राहिले. ‘कॉन्सर्ट फॉर जॉर्ज’ यातून सुटला, याचं बरंचसं श्रेय मी गिटारवादक एरिक क्लॅप्टनला देईन. संगीताची सूत्रं त्याच्याकडे होती. मंचावर एकच मोठा वाद्यवृंद कायम बसलेला, आणि गायक त्यात येऊन मिसळणारे. क्लॅप्टन आणि हॅरिसन यांचं नातं तसं गुंतागुंतीचं. हॅरिसनची पहिली पत्नी पॅटी बॉइड पुढे क्लॅप्टनची पत्नी झाली, तरीही दोघांची मैत्री तुटली नाही. (आपल्याकडे एवढ्यावरून तीन अंकी नाटक झालं असतं.) १९६८ साली ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या हॅरिसनच्या गाण्यात क्लॅप्टनने गिटार वाजवली होती आणि तबकडीवर त्याचं नावही नव्हतं. अल्बर्ट हॉलमध्ये तेच गाणं तो पुन्हा वाजवतो, पियानोवर बीटल्समधला पॉल मॅकार्टनी असतो. हा तुकडा ऐकाच.

मॅकार्टनीने ‘समथिंग’ची सुरुवात युकुलेलेवर केली. चार तारांचं, गिटारच्या धाकट्या भावंडासारखं हे वाद्य हॅरिसनला फार आवडायचं. एवढं गंभीर प्रेमगीत त्या किणकिणत्या वाद्यावर सुरू झालं की आधी हसू येतं. मग सगळा वाद्यवृंद आत येतो आणि हसू ओसरतं. बीटल्समधल्याच रिंगो स्टारने ‘फोटोग्राफ’ म्हटलं. ते त्याने आणि जॉर्जने मिळून रचलेलं, मुळात एका ताटातुटीचं गाणं. त्या रात्री शब्द तेच राहिले, पण ताटातूट कोणाची ते बदललं. हॅरिसनचा मुलगा धनी रात्रभर गिटार घेऊन मागे उभा होता. नाव आपल्या सप्तकातल्या ध आणि नी या स्वरांवरून ठेवलेलं, आणि चेहरा हुबेहूब बापाचा. धनीला मंचावर पाहून, जॉर्ज तरुणच राहिला आणि आपण सगळे म्हातारे झालो, असं जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन म्हणाल्याचं मॅकार्टनीने मंचावरून सांगितलं.

पण माझ्या मते या मुद्रणाचा गाभा पहिल्या सीडीत आहे. एका रॉक गिटारवादकाच्या स्मृतीची अख्खी पहिली सीडी आपल्या संगीताला दिलेली आहे. सुरुवात संस्कृत प्रार्थनेने होते, मग रविशंकरांची मुलगी अनुष्का शंकर सतार वाजवते. त्यानंतर ‘द इनर लाइट’ हे गाणं. याच्याशी मुंबईचा थेट संबंध आहे. हॅरिसन १९६६ साली सतार शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला, आणि बातमी फुटल्यावर गर्दी टाळण्यासाठी गुरूबरोबर काश्मीरला गेला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला तो ध्वनिमुद्रणासाठी, एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत. तिथे आपल्या वादकांकडून त्याने ‘द इनर लाइट’चं संगीत वाजवून घेतलं, हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्यात आहे. शब्द नंतर लंडनला गायले गेले. मुंबईत घडलेलं हे गाणं चौतीस वर्षांनी अल्बर्ट हॉलमध्ये हॅरिसनचा मित्र जेफ लिन याने गायलं आणि साथीला अनुष्काची सतार होती.

आणि शेवटी ‘अर्पण’. रविशंकरांनी या प्रसंगासाठी नव्याने केलेली, वीस मिनिटांहून मोठी रचना. एकीकडे सतार, सनई, तबला, मृदंगम, दुसरीकडे पाश्चात्त्य व्हायोलिनांचा ताफा आणि समूहस्वर, मध्येच क्लॅप्टनची साधी, विजेविना वाजणारी गिटार. संचालन अनुष्काचं. गुरूंनी त्या रात्री स्वतः वाजवलं नाही. मुलीच्या हाती सगळं सोपवून ते ऐकत बसले. रचना सगळीकडे सारखी पकड घेते असं नाही, मधला काही भाग मला चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा वाटतो. तरी तिच्यात रडगाणं कुठेही नाही. शोकाचे सूर येतात, पण लय पुढे सरकत राहते आणि शेवट चांगला द्रुत, जवळजवळ उत्सवी होतो. शिष्याला निरोप देताना गुरूने आपलं काम नेटकं केलं, एवढंच ते.

१९७१ साली याच जोडीने न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला होता. तिथे वाद्यं जुळवणं संपताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रविशंकरांनी त्यांचे हसत आभार मानले. अल्बर्ट हॉलमध्ये तसं झालं नाही. मधल्या तीस वर्षांत हॅरिसनने काय पेरलं, त्याची ही पावती.

ही सीडी मिळाली, की रॉकचे बरेच चाहते थेट दुसऱ्या भागाकडे वळतात, आणि आपले शास्त्रीय संगीताचे रसिक पहिल्यावर थांबतात. दोघांनाही माझी विनंती आहे. एखाद्या रविवारी सवड काढा, आणि ज्या क्रमाने कार्यक्रम झाला, त्याच क्रमाने तो सलग ऐका.