ज्ञानदानातून औषधदान
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने आपल्या धर्माने श्रावकास सांगितली आहेत. २०२० च्या कोरोनाकाळात आप्तही रुग्णाजवळ जाण्यास धजत नव्हते; परिचारिका मात्र त्याच्या उशाशी उभ्या होत्या. अशी परिचारिका घडविणे म्हणजे ज्ञानदानातून औषधदान साधणे होय.

एक विद्यार्थिनी गणवेशाचे कापड घेण्यास माझ्या दुकानी आली होती. मी ते विनामूल्य दिले व कर्तव्य झाले असे मानले. पुढे कळले की, वसतिगृहाचा खर्च न झेपल्याने दुसऱ्या वर्षी तिने शिक्षण सोडले. जी.एन.एम.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. वर्ग आणि रुग्णालयातील पाळ्या सांभाळून नोकरी करणे अशक्यच.

अर्धवट विणलेले वस्त्र कोणाचीही लाज राखत नाही. म्हणून नऊ जणींना एकेक वर्ष साहाय्य देण्यापेक्षा तिघींच्या तिन्ही वर्षांच्या शुल्काचा, भोजनाचा व निवासाचा भार ट्रस्टने जातपात न पाहता उचलावा, ही नम्र विनंती. पहिल्या विद्यार्थिनीचा संपूर्ण खर्च मी देईन.

जय जिनेंद्र!