तळ कठीण कीं मऊ?

बुडणाऱ्यास हात देण्यासाठीं नाव निघते, तेव्हां तिला दोन गोष्टी साधाव्या लागतात. ती वेळेवर पाण्यांत उतरली पाहिजे, आणि उतरल्यावर बुडणाऱ्यापर्यंत धडपणें पोहोंचली पाहिजे. हवा भरून फुगविलेल्या लहान नावांच्या बाबतींत ह्या दोन गोष्टींचें पुष्कळदां जुळत नाहीं. अशा नावेचा तळ कठीण असावा कीं मऊ, हा प्रश्न त्यांतूनच उत्पन्न होतो.

ह्या नावेची घडण सोपी असते. रबराचा किंवा तत्सम लेप दिलेल्या चिवट कापडाच्या जाड नळ्या घोड्याच्या नालासारख्या जोडून त्यांत हवा भरतात. नळ्यांच्या पोटांत पडदे घालून निरनिराळे कप्पे केलेले असतात. त्यामुळें एक कप्पा फुटला तरी बाकीचे नावेस तरंगत ठेवतात. नळ्यांच्या खालीं कापडच ताणून बसविलें, कीं मऊ तळाची नाव झाली. पाय ठरावा म्हणून तींत फळ्या घालतात, आणि काम संपलें कीं हवा काढून तिची वळकटी करितां येते. कापडाऐवजीं फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा, खालीं निमुळता होत गेलेला टणक तळ बसविला, कीं ती कठीण तळाची झाली.

मऊ तळ म्हणजे दुबळा तळ, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु तो खरा नव्हे. १९५२ सालीं आलँ बोंबार ह्या फ्रेंच डॉक्टरानें सुमारें साडेचार मीटर लांबीच्या फुगीव नावेस शीड लावून एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला. कॅनरी बेटांपासून बार्बाडोसला पोहोंचण्यास त्यास ६५ दिवस लागले. कापड टिकलें; कारण नाव लाटेच्या कलानें जात होती, लाटेशीं झगडत नव्हती.

झगडा सुरू होतो तो वेगामुळें. वेल्सच्या किनाऱ्यावर सेंट डोनट्स येथें १९६२ सालीं अटलांटिक कॉलेज सुरू झालें. त्याचे पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर हे आरमारांतून निवृत्त झालेले रिअर ॲडमिरल होते. विद्यार्थ्यांच्या शिडाच्या होड्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं तेथें इंजिन लावलेल्या फुगीव नावा ठेवल्या गेल्या. परंतु वेगानें लाटांवर आपटून आणि दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर घासून त्यांचे कापडी तळ झिजूं व फाटूं लागले. तेव्हां होर व त्यांचे विद्यार्थी यांनीं तळास प्लायवूड जोडून पाहिलें, आणि एकामागून एक नावा बांधीत अखेर कठीण तळाची नाव सिद्ध केली. 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ह्या ब्रिटनमधील जीवरक्षक संस्थेनें त्याच धर्तीवर बांधलेली 'अटलांटिक २१' ही नाव १९७२ सालीं सेवेंत घेतली. होर यांनीं आपलें पेटंट त्या संस्थेस एक पौंड एवढ्या नाममात्र किंमतीस दिलें.

निमुळता तळ लाटेस चिरीत जातो, आणि नाव कलूं लागली कीं बाजूच्या नळ्या तिला सांवरतात. उलट कापडी तळ लाटेवर थापटला जातो, आणि वेगानें वळतांना नाव बाजूस घसरते. ह्यावरून मऊ तळाचे दिवस सरले असें वाटेल. परंतु कठीण तळ स्वीकारणाऱ्या त्याच संस्थेनें मऊ तळ टाकून दिलेला नाहीं. तिच्या हल्लींच्या 'डी' वर्गाच्या मऊ तळाच्या नावेची लांबी ५ मीटर, इंजिन एकच, ५० अश्वशक्तीचें, आणि वेग ताशीं २५ सागरी मैल आहे. कठीण तळाची 'अटलांटिक ८५' ही ८ मीटरांहून लांब असून तिला ११५ अश्वशक्तीचीं दोन इंजिनें आहेत, व तिचा वेग ३५ मैल आहे. उघड्या समुद्रावर पहिलीस दुसरीची सर येणार नाहीं. परंतु दुसरीस पाण्यांत उतरविण्यास ट्रॅक्टरासारखें साधन लागतें. पहिली उथळ पाण्यांत व खडकांच्या सांदीकोपऱ्यांत शिरते. ती उलटली तर तींतील माणसेंच तिला पुन्हां सरळ करूं शकतात.

महाराष्ट्रांत हा प्रश्न पुराच्या वेळीं उभा राहतो. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांचें पाणी सांगली-कोल्हापुराकडे वस्तींत शिरलें, तेव्हां राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनीं रबरी नावांतून माणसें बाहेर काढलीं. गल्लींत समुद्राची लाट नसते. रस्ते तुटलेल्या गांवापर्यंत नाव नेणें हीच तेथें पहिली अडचण असते, आणि ट्रकांतून वळकटी नेतां येणारी नाव तेथें उपयोगी पडते. मात्र पाण्याखालीं दडलेली कुंपणाची तार व फाटकाचीं टोकें हीं कापडी तळाचीं वैरी होत. तेथें वेग आंवरून, बांबूनें ठाव घेत जावें लागतें.

म्हणून नाव विकत घेणाऱ्या गांवानें किंवा नौकाविहार मंडळानें दुकानांत तळ दाबून पाहण्यापूर्वीं आपल्या धक्क्यावर उभें राहून तीन प्रश्न विचारावे. पाणी खवळलेलें कीं संथ, आणि जावयाचें किती दूर? नाव पाण्यापर्यंत कशावरून न्यावयाची? आणि मध्यरात्रीं हांक आली तर ती उचलण्यास किती हात मिळतील? दूर जावयाचें असून गाडी व उतार हाताशीं असेल, तर कठीण तळ घ्यावा. चार माणसांच्या खांद्यांवरच भिस्त असेल, तर मऊ तळ घ्यावा. किनाऱ्यावरच अडून राहिलेली वेगवान नाव आणि वाटेंतच फाटलेली हलकी नाव, ह्या दोहोंत बुडणाऱ्यास कांहींच फरक नसतो.