बेल वाजली म्हणून दार उघडायलाच हवं का?

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मसाला दूध आटेपर्यंत दहा मिनिटं बोला, असा कार्यकारिणीचा आदेश आहे. म्हणजे तुमचं लक्ष आत्ता कुठे आहे ते मला ठाऊक आहे! आणि माझा विषयही नेमका तोच आहे.

इथे आलो तेव्हा आपण प्रत्येकाने काही ना काही ठरवलं होतं. कुणाला सुटलेली पेटी पुन्हा धरायची होती, कुणाला मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवायचं होतं. तो बेत कुणीच रद्द केलेला नाही. फक्त "हा रिलीज झाला की बघू", "सुट्टीत बघू" असं म्हणता म्हणता मुलं कॉलेजला जातात.

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, त्यामुळे उदाहरण यंत्राचंच देतो. प्रोसेसर एक काम सोडून दुसरं घेतो, तेव्हा पहिल्याची स्थिती जपून ठेवावी लागते आणि दुसऱ्याची मांडावी लागते. तेवढ्या वेळात खरं काम शून्य! आपलंही तसंच. मेसेज बघायला दहा सेकंद पुरतात, तुटलेला विचार जुळवायला मात्र बराच वेळ लागतो.

पण प्रोसेसरकडे एक सोय असते. बरेचसे इंटरप्ट त्याला थोडा वेळ थोपवता येतात. काही मोजके मात्र थोपवताच येत नाहीत. मुलाला ताप आला किंवा रात्री अडीचला घरून फोन आला, तर हातातलं टाकून धावायचंच. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'सुप्रभात' संध्याकाळपर्यंत थांबू शकतं. आपली गल्लत होते कारण दोन्हींची बेल सारखीच वाजते.

आमच्या क्षेत्रातले थोर प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' हा ग्रंथ १९६२ साली हाती घेतला. त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये आला. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ईमेल वापरणंच सोडलं. पुढचे खंड २०११ आणि २०२२ मध्ये आले.

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकांना जमतं हो, आम्हाला रोजचं पोट आहे. मग आपले पां. वा. काणे बघा. मुंबई हायकोर्टात वकिली करणारा माणूस. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला प्रस्तावना लिहायला बसले आणि त्यातून 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' उभा राहिला. १९३० ते १९६२, पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं! मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद आणि राज्यसभाही झाली. शेवटचा खंड आला तेव्हा वय ८२. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. कामं कमी होण्याची वाट बघत बसले असते, तर ती प्रस्तावनासुद्धा झाली नसती.

माझं ध्येय अगदीच छोटं आहे. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. ते वाचू शकणारं आता घरात कुणी नाही, म्हणून मी मोडी शिकतोय. सोमवार ते गुरुवार मी क्लायंटच्या गावी हॉटेलात असतो. तिथे सकाळी साडेसहा ते सात फोन बॅगेत आणि समोर कागदाची झेरॉक्स. उठताना उद्या कुठून सुरू करायचं तिथे पेन्सिलची खूण. म्हणजे दुसऱ्या दिवशी शोधाशोध नाही.

दीड वर्षात नऊ कागद झाले. एकात विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचं भांडण निघालं. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाले, "अरे, त्या विहिरीत मी पोहायला शिकलो!" बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कागद अजून पन्नास वर्षं टिकतील. ऐकणारा माणूस थांबेलच असं नाही.

तेव्हा आज एवढंच करा. आपलं राहिलेलं एकच काम कागदावर लिहा. त्यापुढे वार आणि वेळ लिहा. अर्धा तास पुरे. आणि त्या अर्ध्या तासात बेल वाजली, तर आधी विचारा: ही थांबू शकते का?

बहुतेक वेळा थांबते, हा माझा अनुभव आहे.